आत्याची पाटीलकी, माझं दस्तखत

कचेरीच्या दप्तरात माझ्या नावावर पुष्कळ शहाणपण जमा आहे. पाटलाने नाल्याच्या काठाला दगड लावले, पाटलाने दोन भावांचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, तंटा मिटवला, पाटलाने जत्रेत मारामारी होऊ दिली नाही. वाचणाऱ्याला वाटेल, काय माणूस असेल हा. तो माणूस मी. आणि यातलं एकही काम माझं नाही. सोळा वर्षांत स्वतःच्या डोक्याने मी एकच निर्णय घेतला, तो गावातल्या बायांच्या डोक्यावर पडला.

आता माझे केस पिकलेत. लग्नाकार्यात लोक मला मुद्दाम बसवून घेतात, मी हातवारे करून गोष्टी सांगतो, आवाज काढतो, मंडळी लोळून हसतात. ही गोष्टही मी तशीच सांगतो. लोक हसतात आणि माझा राग काही उतरत नाही. म्हणून एकदा लिहून टाकतो.

आमचं गाव अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीरस्त्यावर. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला राजाचा मान आला. माझ्या डोळ्यांदेखत बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्या घरात बैलाला चांदी, त्याच घरात बाईच्या लुगड्याला ठिगळ. हे मला तेव्हा दिसत होतं असं म्हणणार नाही. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मलाही शेंब्याच दिसत होत्या.

आईबाप लहानपणीच गेले, आत्याने मला वाढवलं. आत्या पाटलाची बायको. पाटील तापाने गेले, मूलबाळ नव्हतं, वतन तिच्या नावावर आलं. आमच्याकडे एक रिवाज होता. पाटील परगावी गेला की त्याचं पागोटं चावडीतल्या गादीवर ठेवायचं आणि पागोट्यासमोर कामकाज चालवायचं. पाटील परत येईपर्यंत पागोटंच पाटील. आता हे पाटील काही परत येणार नव्हते. पण पागोटं उचलायचं कोणी, यावर गावाचं एकमत होईना, म्हणून ते तिथेच राहिलं. सहा वर्षं. आत्या शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यात बसायची आणि गाव चालवायची.

काय थाट असायचा. दोन भाऊ भांडत यायचे, गादीपुढे हात जोडायचे.

"पागोट्याले विचारा, धुरा कोनाचा?"

उंबऱ्यातून उत्तर यायचं, "पागोटं म्हन्ते, बोरीच्या झाडापासून दोरी धरा. आन् दोघंबी खोटं बोलून राहिले, हे बी पागोट्याले दिसते."

लोक निकाल मानायचे, कारण तो बरोबर असायचा. जाताना मात्र रामराम पागोट्याला. मेलेल्या माणसाच्या कापडापुढे मान तुकवायला त्यांना लाज नव्हती, जिवंत बाईपुढे होती. हे लिहिताना आजही माझी लेखणी कागदात रुतते.

गावाला गोड पाण्याची एकच विहीर, वेशीजवळ. भाव चढला तशा कापसाच्या गाड्या वाढल्या आणि गाडीवाल्यांनी पडाव टाकला तो नेमका विहिरीपाशी. पहाटेपासून ते आपल्या डोलांनी बैलांसाठी पाणी उपसायचे, काठावर आंघोळी करायचे, शेण तिथेच. बाया घागरी घेऊन उभ्या. वरून गाडीवाल्यांची गाणी आणि शेरे. दुपारपर्यंत तळ दिसायचा.

माघात एक दिवस तीसेक बाया चावडीत आल्या. यापूर्वी अशा कधी आल्या नव्हत्या. पुढे होती माळ्याची सून. नाल्याकाठी तिची वांगी-मेथीची वाडी होती, आणि कापूस वेचायला बायांची टोळी निघाली की तिची पुढारीणही तीच.

पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "बाया चावडीत आल्या. आता आमी चुलीपाशी बसतो बापा."

"बसा ना मामाजी," माळीण म्हणाली. "घरच्यायले भाकर तरी वेळेवर भेटन." मग ती उंबऱ्याकडे वळली. "पाटलीनबाई, आज पागोट्याशी बोलाचं नाही. तुमच्याशी बोलाचं हाये."

आत्या उंबऱ्यातून उठली, बाहेर आली आणि गादीच्या शेजारी खाली बसली. ऐकून घेतलं. मग निकाल दिला: पडाव नाल्यापलीकडच्या बाभुळबनात. नाल्याच्या वाळूत झिरे खोदले की बैलांना पाणी लागतं. विहीर फक्त घरच्या पाण्यासाठी.

तिचा दीर तिथेच होता. विहिरीपाशी त्याच्या कडब्याच्या गंज्या आणि तमाखूची टपरी. तो म्हणाला, "वयनी, गाड्या तिकडं गेल्या तं माह्या कडब्याचं काय?"

"कडबा बी तिकडं न्या, भाऊजी. त्याले पाय नाहीत, तुमाले तं हायेत."

बाया हसल्या. दिराला ते हसणं फार लागलं. महिन्याभरात त्याचा अर्ज अमरावतीच्या कचेरीत पोचला: आमच्या गावात पाटील नाही, एक पागोटं आहे, आणि त्याच्या आडून एक बाई राज्य करते.

चैत्रात बोलावणं आलं. आत्या आणि मी छकड्यातून अमरावतीला गेलो. शिरस्तेदार पुण्याकडचे, बोलायला गोड. त्यांनी आत्याला बसायला सतरंजीसुद्धा दिली.

"बाई, वतन तुमचंच आहे. सरकार कोणाचा हक्क हिरावून घेत नाही. फक्त काम पुरुषाने करायचं. तुम्ही एक गुमास्ता नेमा."

"काम म्हंजे कोनतं?"

"वसुलावर देखरेख. तंटे. गावचा बंदोबस्त. वर्दी देणं."

"ते मी सहा वर्सं करून राहिली."

"म्हणूनच तर तक्रार आली."

हे ते हसून म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच मला आज सहन होत नाही.

आत्याने कागद ओढून घेतला आणि खाली सहीच्या जागी नांगर काढला. पाटलाची निशाणी नांगर, ती तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून काढता येत होती. शिरस्तेदारांनी कागद परत सरकवला.

"ही पाटलाची निशाणी."

"मंग?"

"साहेबांपुढे बाईमाणूस कसं उभं राहणार?"

"जशी तुमच्यापुढं हावो, तशी."

त्यांनी दुसरा कागद काढला, त्यात गुमास्त्याच्या नावाची जागा रिकामी होती. नाव दिलं नसतं तर दिराचं पडणार होतं. आत्याने माझं दिलं.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "तुले सोंग घेता येते. पाटलाचं घे."

हे खरं होतं. दसऱ्यानंतर गावात दंडार व्हायची, गावकऱ्यांचाच नाच-गाण्याचा खेळ, आणि त्यात राणी मी असायचो. नथ, बांगड्या, नऊवारी लुगडं. मी राणी होऊन हुकूम सोडले की गाव नारळ द्यायचं. पुरुषाने बाई होऊन राज्य केलं तर खेळ. बाईने बाई राहून केलं तर अर्ज.

आमची चूक तिथेच झाली, आत्याची, माझी, साऱ्या गावाची. आम्हाला वाटलं, कागदावरचं नाव म्हणजे गादीवरचं पागोटं. साहेबाच्या समाधानासाठी ठेवायचं, काम आपलं चालू. लोक मला 'चालतं पागोटं' म्हणायचे आणि मीही हसायचो. कागद पागोट्यासारखा गप्प बसत नाही, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

पावसाळाभर मी झकास सोंग वठवलं. मिशीला पीळ, मांडी घालून बसणं, खाकरणं. आत्या उंबऱ्यातून सांगायची, मी मोठ्या आवाजात म्हणायचो. पण आता रामराम मला होता. रोज दहा माणसं 'पाटील' म्हणाली की अकराव्या दिवशी तुम्हाला ते खरं वाटू लागतं. दीर तर मला टपरीवर बसवून घ्यायचा, स्वतः पान लावून द्यायचा.

"पाटील, किती दिवस आत्याच्या पदराआडून बोलशीन? मर्द गडी हायेस. एखादी गोष्ट आपल्या मनानं बी कर."

आश्विनात रस्त्याचे साहेब आले. आमराईत तंबू पडला. कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी रस्त्यावरचे सगळे पडाव कायमचे ठरवायचे होते. आत्या माझ्याबरोबर निघाली. तंबूच्या दोरीपाशी चपराशाने काठी आडवी धरली.

"बाईमाणूस इथंच थांबन. पाटील आत जातीन."

मी आत गेलो. कारकुनाने विचारलं, पडाव विहिरीपाशी की नाल्यापलीकडे? पाटलांचं मत काय? तंबूच्या कनातीशी दीर आणि त्याची माणसं उभी होती, सगळी माझ्याकडे बघत. माझं मत आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"विहिरीपाशी," मी म्हणालो.

"उन्हाळ्यात पाणी पुरतं का?"

"भरपूर."

मी त्या विहिरीतून आयुष्यात एक घागर ओढली नव्हती. दोर किती लागतो हे मला ठाऊक नव्हतं. जिला हातावर मोजून ठाऊक होतं ती वीस पावलांवर काठीपलीकडे उभी होती, आणि सरकारच्या मते मत माझं होतं. मी दस्तखत केलं. चांगलं वळणदार केलं.

बाहेर आत्याने विचारलं, "काय सांगतलं?"

मी सांगितलं. ती तिथेच उभी राहिली.

"जेठात दोर किती हात लागते?"

"माहीत नाही."

"मंग भरपूर काहून म्हनलं?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एकटीच गावाकडे चालू लागली, आणि मी पाटील म्हणून साहेबांनी दिलेला चिरूट ओढत मागे राहिलो.

कार्तिकात बोंडं फुटली. शेतं पांढरी झाली, पहिल्या गाड्या आल्या आणि सरकारी हुकमाने विहिरीपाशी सुटल्या. आता तिथून त्यांना कोणी हलवू शकत नव्हतं. हलवायचं तर पाटलाने लिहायला हवं, आणि पाटलाची मान अजून ताठ होती.

आमच्या वऱ्हाडात सीतादही झाल्याशिवाय कापसाला हात लागत नाही. वेचणाऱ्या टोळीची पुढारीण शेताच्या कोपऱ्यात दगड मांडते, कुंकू लावते, दहीभाताचा निवद दाखवते, झाडांना सुताचा फेर घालते, मग पहिलं बोंड वेचते. सवाष्णीचं काम. पुरुषाचा तिथे संबंध नाही. त्या वर्षी दिराच्या शेतात सगळ्यांत आधी कापूस फुटला. तो माळणीच्या वाडीत गेला, मी बरोबर.

"उद्या सीतादही करून घे."

"दही नाही," माळीण वांगी तोडत म्हणाली.

"दही नाही म्हंजे?"

"गायीले पानी नाही, भाऊजी. गाय पानी नाही पेली तं दूध नाही, दूध नाही तं दही कोठून? अन् विहिरीले पानी भरपूर हाये म्हन्तात पाटील." तिने माझ्याकडे बघितलं. "त्यायलेच मांगा दही."

गावातल्या एकाही घरात त्या वर्षी दही निघालं नाही. पुरुष ठाम म्हणाले, हे पाटलीनबाईचं कारस्थान आहे. नव्हतं. मला पक्कं ठाऊक आहे, कारण आत्यालाही ते माझ्याकडूनच कळलं, आणि कळल्यावर ती कितीतरी दिवसांत पहिल्यांदा हसली. पण बायांनी काही केलं तर ते त्यांच्या डोक्यातून आलं असेल हे आमच्या पुरुषांना सुचतच नव्हतं. आधी पागोटं, मग पाटलीन. बाकी बाया म्हणजे नुसते हात.

शेजारच्या गावाहून टोळी आणली. त्या बाया धुऱ्यावर आल्या, विचारलं, सीतादही झाली काय? नाही म्हटल्यावर कमरेला वेचणीची ओटी न बांधताच परत गेल्या. दव पडायला लागलं. फुटलेला कापूस लोंबला, खाली गळला, मातीत काळा झाला. अमरावतीचे व्यापारी रोज माणूस पाठवायचे. आणि मग दिराच्या डोक्यातून ती कल्पना निघाली.

"दंडारीत तू रानी होतास ना? नेस लुगडं. कर सीतादही."

मला वाटेल ते म्हणा. मी नेसलो. पाचसहा कर्ते पुरुष, गावचे कारभारी, मला निऱ्या घालायला मदत करत होते. बायकांचं म्हणणं ऐकून घेण्यापेक्षा मला बाई करणं त्यांना सोपं वाटलं. नथ घातली, कुंकू लावलं, परगावाहून आणलेलं दही घेतलं आणि लचकत शेतात गेलो. बाया धुऱ्यावर रांगेने उभ्या होत्या. मी दगड मांडले, निवद दाखवला, सूत गुंडाळलं, पहिलं बोंड वेचलं आणि सवयीने टाळ्यांची वाट बघत उभा राहिलो.

"लुगडं बरं नेसलं," माळीण म्हणाली. "आता वेच."

"मी?"

"सीतादही करते तिनंच पुढं वेचाचं असते. आमी पायतो."

दीर म्हणाला, "वेच ना लेका, दोन ओळी." मी वेचू लागलो. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलली. कमरेतून वाकून वाकून पाठ गेली. दुपार झाली, ओळ संपेना. दिराने आणि त्याच्या माणसांनीही हात लावून पाहिला, त्यांच्या कापसात निम्मा पालाच. व्यापाऱ्याचा माणूस बघून निघून गेला. एकही बाई हलली नाही आणि एकही हसली नाही. मी हसवण्यात आयुष्य घालवलेला माणूस, तिथे मला पहिल्यांदा कळलं की हे सगळं त्यांना हसण्यासारखं वाटत नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा आत्या आली. लोटा पुढे केला. "पे."

मी घटाघटा प्यालो.

"नाल्याचं हाये. पाऊन कोसावरून आनलं, डोक्यावर. तुले बरं लागलं का?"

मी तिथेच धुऱ्यावर बसून रडलो, नथ घालून. त्याच अवस्थेत चावडीत गेलो आणि कचेरीला लिहिलं की पाटलाने चुकीची वर्दी दिली, विहिरीचं पाणी पुरत नाही, पडाव नाल्यापलीकडे हवा. आत्या सांगत होती, मी लिहीत होतो. दिराने एका शब्दाने अडवलं नाही. त्याचा कापूस मातीत चालला होता. दुसऱ्या दिवशी, हुकमाची वाट न बघता, त्यानेच गाड्या बाभुळबनात हलवल्या, आणि तिसऱ्या दिवशी माळणीच्या घरात दही सापडलं.

इथे गोष्ट संपवली की लोक खूश होतात. मी बहुतेक वेळा इथेच संपवतो. पण पुढचंच मला छळतं.

पुढच्या वर्षी अकोल्याला बड्या साहेबांचा दरबार भरला. स्वतःची चूक कबूल करणारा आणि गावच्या स्त्रियांची काळजी वाहणारा पाटील म्हणून मला शेला मिळाला. टाळ्या झाल्या. आत्या बाहेर छकड्यात बसली होती. गावी आल्यावर तिने शेला उलटसुलट बघितला, म्हणाली, कापड चांगलं दाट आहे, आणि फाडून बायांना पाणी गाळायला वाटून टाकला.

त्यानंतर मी तिला विचारल्याशिवाय खाकरलोसुद्धा नाही. गाव तिने चालवलं. दर वर्षी ती कचेरीत अर्ज करायची, खाली नांगर काढून, की माझं काम माझ्या नावाने करू द्यावं. दर वर्षी तेच उत्तर यायचं: गुमास्ता समाधानकारक काम करीत आहे, सबब बदलाचं कारण दिसत नाही. बघा म्हणजे झालं. तिने काम वाईट केलं असतं तर बाईला जमत नाही म्हणाले असते. चांगलं केलं तर ते माझं ठरलं. मी दोनदा काम सोडायला गेलो. कारकून म्हणाला, सोडा, मग दिराच्या मुलाला नेमू. मी परत आलो.

ती गेली तेव्हा आश्विन होता. गावचे जन्म-मृत्यू लिहून कचेरीत देणं हे पाटलाचं काम, म्हणून तिची नोंद मीच लिहिली. नाव, वय, जात, आजार. धंद्याच्या रकान्यात लिहिलं, पाटीलकी.

कचेरीतल्या कारकुनाने ते खोडलं आणि त्यावर लिहिलं, घरकाम.

मी म्हणालो, "खोडू नका. तिचाच धंदा होता तो."

"पाटील तर तुम्ही होतात."

"मी नव्हतो. सोळा वर्षांत मी पानावर चुना लावण्यापलीकडे काही केलं नाही. गावात कोणालाही विचारा."

"गावाला कशाला विचारायचं? दप्तरात तुमचं दस्तखत आहे ना जागोजाग." त्याने नोंदवही माझ्याकडे फिरवली, बोट ठेवलं. "इथे करा. म्हणजे दुरुस्ती कायम होईल."

मी केलं नाही. त्याने समजावलं, मग आवाज चढवला, मग वरच्या कारकुनाला बोलावलं. बाई गेल्यामुळे गुमास्तगिरी तशीही संपली आहे, नवा पाटील दिराचा मुलगा होणार आहे, तुम्ही उगीच का अडून बसता, असं तो म्हणाला. मी अडून बसलो. संध्याकाळी कचेरी बंद करताना मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दिराच्या मुलाने दस्तखत केलं. ती नोंद आजही तशीच आहे, घरकाम.